मातीच्या बाहुल्यांचे घर : डॉ. भाऊ दाजी लाड

लहान मुले असलेल्या घरांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. मुलांना घरात करमत नाही. नवे खेळणे आणले तर ते चार दिवसांत कोपऱ्यात जाते. आणि मुलांशी खेळत बसावे तर आईवडिलांना दिवसभराच्या कामातून सवड नसते. पैसा नाही म्हणून मुलांना काही देता येत नाही, असेही काही पालक खिन्नपणे बोलून दाखवतात. या तक्रारीला उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा एका मोठ्या माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईकरांना हे नाव भायखळ्याच्या संग्रहालयामुळे ओळखीचे आहे. परंतु भाऊ मूळचे गोव्याचे आणि एका अगदी साध्या घरातले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गोव्याच्या उत्तर टोकाला पेडणे तालुका आहे. एका अंगाला तेरेखोल नदी, दुसऱ्या अंगाला शापोरा नदी आणि पश्चिमेला समुद्र. त्याला लागून आत डोंगराच्या बाजूला डिचोली. हे दोन्ही भाग अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली गेले आणि ‘नव्या काबिजादीं’त मोडू लागले. जांभ्या दगडाचा हा मुलूख. पण त्याच्या सखल शेतांत चांगली चिकणमातीही सापडते. डिचोलीच्या कुंभारांची भांडी गोवेभर प्रसिद्ध आहेत. भजनात आणि मांडोत वाजणाऱ्या घुमटाचा घटही मातीचाच. चवथीच्या आधी चित्रशाळांतून मूर्ती घडू लागल्या की भोवती मुलांचा घोळका जमतो आणि उरलेल्या मातीच्या गोळ्यासाठी हात पुढे होतात. त्या गोळ्याची चूल होते, बोळकी होतात, बैल होतो. दुकानातून काहीच आणावे लागत नाही.

अशा मुलुखात, पेडण्याच्या मांद्रे गावी, १८२२ च्या सुमारास भाऊंचा जन्म झाला. त्यांचे पाळण्यातले नाव रामकृष्ण आणि वडिलांचे नाव विठ्ठल. जगाने मात्र त्यांना भाऊ दाजी या घरगुती नावानेच ओळखले. जात गौड सारस्वत ब्राह्मणाची, पण घरी श्रीमंती नव्हती. पोटासाठी हे कुटुंब मुंबईस गेले, आणि वडील मातीच्या बाहुल्या करून विकत व त्यावर संसार चालवीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ज्या घरात बाहुल्या विकण्यासाठी होतात, त्या घरातली मुले बाहुली विकत घेऊन खेळत नाहीत. ती बाहुली होताना पाहतात. मातीत पाणी किती घालावे, मान कशी बसवावी, सावलीत वाळवली नाही तर तडा का जातो, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत असते. घाई केली की वस्तू बिघडते, हे त्यांना कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. भाऊंच्या ठायी पुढे जी चिकाटी दिसली, तिचे मूळ या घरात असावे, असे आम्हांस वाटते.

भाऊंचे नशीब उघडले तेही एका खेळामुळे. लहान वयातच ते बुद्धिबळात तरबेज होते. मुलाची ही चलाखी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडली आणि याला इंग्रजी शिक्षण द्या असा आग्रह त्याने वडिलांना केला. ही हकीकत सांगताना त्या इंग्रज गृहस्थाची पारख सर्वच जण वाखाणतात. आमचे लक्ष मात्र दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते. बुद्धिबळ एकट्याने खेळता येत नाही. मुलगा इतका तयार झाला त्या अर्थी पटाच्या पलीकडे कोणीतरी मोठे माणूस पुनःपुन्हा बसले असले पाहिजे. आपला वेळ दिला असला पाहिजे, आणि मुलाकडून हार पत्करताना रागावलेही नसले पाहिजे. आणखी एक गोष्ट अशी की, वडिलांनी तो सल्ला मानला. हाताशी आलेल्या मुलाला मातीकामाला लावले असते तर घरात चार पैसे लगेच वाढले असते. त्यांनी त्याला शाळेत पाठवले.

भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. याच सुमारास सरकारने एका निबंधासाठी बक्षीस जाहीर केले. विषय होता काठेवाड व कच्छमधील राजपुतांत चालणारी बालहत्या. तेथील काही घराण्यांत मुलगी जन्मली की तिला जगू देत नसत. तिच्या लग्नाचा खर्च आणि कुळाची खोटी प्रतिष्ठा, ही त्यामागची मुख्य कारणे. कर्नल वॉकर यांनी त्या शतकाच्या आरंभी जाडेजा प्रमुखांकडून ही चाल सोडण्याचे करार लिहून घेतले होते, तरी ती मुळापासून गेली नव्हती. भाऊंनी हा विषय अभ्यासून निबंध लिहिला आणि त्यांना ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्याचे बालपण बाहुल्यांच्या सहवासात गेले, त्या तरुणाला आपले पहिले मोठे लेखन करावे लागले ते ज्यांच्या हाती बाहुली कधी आलीच नाही अशा मुलींविषयी. घरातला आनंद हा सर्व मुलांचा वाटा आहे की फक्त मुलग्यांचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे ऐन तारुण्यात उभा राहिला. आणि पुढील आयुष्यात त्यांनी त्याचे उत्तर कृतीने दिले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. ज्या गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते स्वतः भक्तिगीतांचे रचनाकार होते, हे आमच्या मंडळ्यांतील गायकांना ऐकून आनंद वाटेल. भाऊंनी शिक्षकाची नोकरी सोडून तेथे नाव घातले आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत ते होते. त्यांचे धाकटे बंधू नारायण हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. महारोगावर औषध शोधण्यासाठी भाऊंनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले.

या दोन भावांची जोडी पाहण्यासारखी आहे. व्यवसायाने दोघे डॉक्टर, पण नवी गोष्ट दिसली की तिला हात लावून पाहण्याची हौस दोघांनाही सारखीच. छायाचित्रणाची कला तेव्हा नुकतीच आली होती. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था निघाली, तिच्यात दोघेही होते, आणि नारायणरावांनी तर त्या कलेत चांगलाच लौकिक मिळवला. १८५३ मध्ये विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांना आधार देणाऱ्यांत भाऊ होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील कोरीव लेख वाचणे, जुनी नाणी जमवणे, हस्तलिखिते धुंडाळणे, कालिदासाच्या काळाचा शोध घेणे, हे सारे त्यांनी रोगी तपासून उरलेल्या वेळात केले. लहानपणी ज्याच्या हाताला घडवण्याची आणि डोक्याला डाव टाकण्याची गोडी लागते, त्याला मोठेपणी रिकामा वेळ जड जात नाही.

मुलींच्या बाबतीत भाऊंनी काय केले ते पाहू. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ साली मुलींची शाळा काढली होती. १८२९ मध्ये आलेल्या मार्गारेट विल्सनबाईंनीही मुलींच्या शाळा सुरू केल्या होत्या. त्यानंतर एल्फिन्स्टनच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापली आणि तिच्या सभासदांनी वेतन न घेता मुलींना शिकवण्यास आरंभ केला. या संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष भाऊ दाजी झाले. मुलींना शिकवले तर घर बिघडेल अशी भीती ज्यांना वाटे, त्यांची समजूत घालण्याचे काम अशा माणसांना करावे लागे. पुढे भाऊंच्या चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावाने मुलींची शाळाच काढली.

लहानपणी कोणीतरी आपल्याला हेरले, हे भाऊ विसरले नसावेत. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी नावाचा तरुण गिरनारचे शिलालेख आपल्या बुद्धीने वाचू पाहत होता. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. भाऊंनी त्याला १८६०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईस बोलावले, आपल्यापाशी ठेवले आणि लेण्यालेण्यांतून लेख उतरवून आणण्यास पाठवले. भाऊ वारले तोपर्यंत तो त्यांच्यासाठी काम करीत होता. पुढे याच पंडिताला हॉलंडातील लायडन विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली.

भाऊंना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १८५२ मध्ये निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते, मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या फेलोंपैकी एक होते, आणि १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरिफ झाले. पण त्यांच्यावर संकटही कोसळले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईत कापसाचा पैसा ओतला गेला आणि शहराला शेअर-सट्ट्याचे वेड लागले. १८६५ साली तो फुगा फुटला आणि त्यात भाऊंचेही मोठे नुकसान झाले. इतका विचारी माणूसही त्या लाटेत सापडला, ही चरित्रातील खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. परंतु सट्ट्यात पैसा गेला, विद्येची हौस गेली नाही. बाजाराने दिलेले बाजाराने नेले. घराने दिलेले मात्र त्यांच्यापाशीच राहिले.

१८५७ च्या धामधुमीत मुंबईतील एका छोट्या वस्तुसंग्रहाची वाताहत झाली होती. त्याच्या जागी मोठे संग्रहालय उभारावे म्हणून जगन्नाथ शंकरशेट, डॉ. बर्डवुड आणि भाऊ दाजी यांनी खटपट केली. १८६२ मध्ये पाया घातला गेला आणि १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम’ लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ च्या मे महिन्यात, भाऊंनी जगाचा निरोप घेतला. वय अवघे पन्नाशीच्या थोडे पुढे. १९७५ साली त्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

या संग्रहालयातील एक गोष्ट रविवार-शाळेच्या शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. तेथील प्रसिद्ध वस्तूंमध्ये मातीच्या लहान लहान प्रतिमा आहेत. निरनिराळे धंदे करणारी माणसे, त्यांचे पोशाख, त्यांची पागोटी, सारे मातीत घडवलेले. यांतील पुष्कळशा प्रतिमा भाऊंच्या मृत्यूनंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाल्या. कोणी ठरवून केलेली ही गोष्ट नव्हे. तरी मातीच्या बाहुल्या विकून ज्या मुलाला वाढवले, त्याच्याच नावाच्या वास्तूत आज मातीच्या बाहुल्या मानाने मांडलेल्या आहेत.

भाऊंच्या वडिलांचे चरित्र कोणी लिहिले नाही. त्यांनी मुलाला जे दिले त्याची यादीही लहानच आहे: जवळ बसवून दाखवलेले काम, एक पट आणि सोंगट्या, आणि शाळेत जाण्याची मोकळीक. यांतले कोणते आज आपल्या घरात देता येणार नाही? पेडण्याच्या शेतातली माती नसेल, तर अंगणातली चालेल. कणीक मळताना चिमटीभर गोळा मुलाच्या हाती द्यावा. त्याने केलेला वेडावाकडा पक्षी तव्यावर भाजावा आणि ताटात सर्वांच्या आधी तोच वाढावा. मुलांच्या वर्गात नोहाचे तारू चित्रात दाखवण्याऐवजी एकदा मातीचे करू द्यावे. हात माखतील, पण धडा विसरणार नाही. दिवसातून अर्धा तास बापाने पटाच्या पलीकडे बसावे. आणि हे सारे करताना घरातली मुलगी भांडी घासायला गेलेली नाही ना, एवढे पाहावे.