प्राच्यविद्येचे आचार्य : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात आधुनिक शिक्षणाचा पाया घातला जात होता. नव्या विद्यालयांतील मुख्य अध्यापक बहुधा परदेशातून येत आणि त्यांच्या जोडीला साहाय्यक म्हणून येथील विद्वान काम करीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. पुढे वीस वर्षांनी दादाभाई नौरोजी यांनी तेथेच गणिताच्या प्राध्यापकपदाचा मान मिळवला. पण अशी उदाहरणे विरळाच होती. परदेशी प्राध्यापक आणि देशी सहाध्यापक यांच्या नात्यात विद्येची देवघेव होती, स्नेह होता आणि अधिकाराची उतरंडही होती. या नात्याचे सारे रंग ज्यांच्या चरित्रात एकत्र पाहावयास मिळतात, असे थोर विद्वान म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. त्यांचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. घरची स्थिती बेताचीच होती. वडिलांची बदली रत्नागिरीस झाली, तेव्हा तेथील इंग्रजी शाळेत शिकण्याची संधी रामकृष्णांना मिळाली. १८५३ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. त्या वेळी दादाभाई नौरोजी तेथे गणित शिकवीत असत. एक भारतीय माणूस इंग्रज अध्यापकांच्या बरोबरीने विद्यापीठावर बसून शिकवू शकतो, हे या बुद्धिमान विद्यार्थ्याने कोवळ्या वयातच डोळ्यांनी पाहिले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. १८६२ मध्ये या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासमवेत भांडारकरही होते. पुढल्याच वर्षी त्यांनी एम. ए. ची पदवी संपादन केली. विद्यार्थिदशेत त्यांचा ओढा गणिताकडे व इंग्रजी वाङ्मयाकडे अधिक होता. शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून ते संस्कृतच्या अभ्यासाकडे वळले. पुण्याच्या वास्तव्यात त्यांनी शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण, न्याय, वेदान्त हे विषय जुन्या पद्धतीने अभ्यासले. इंग्रजी महाविद्यालयाचा पदवीधर शास्त्र्यांच्या पाठशाळेत नम्रपणे पाठ घेऊ लागला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. दोन परंपरांचे हे दुहेरी शिक्षण भांडारकरांना जन्मभर उपयोगी पडले.

या दोन परंपरांतील अंतर मोठे होते. शास्त्री मंडळींना संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत असत. शब्दाची सिद्धी, टीकाकारांचे मतभेद, पूर्वपक्ष व उत्तरपक्ष यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु ग्रंथ कोणत्या शतकात लिहिला गेला, त्याच्या निरनिराळ्या प्रतींपैकी कोणती अधिक विश्वसनीय, त्यातील उल्लेख शिलालेखांशी जुळतात की नाही, हे प्रश्न त्यांच्या परंपरेत सहसा विचारले जात नसत. युरोपीय विद्वान हेच प्रश्न प्रथम विचारीत. हस्तलिखितांची तुलना, भाषांचा तौलनिक अभ्यास आणि कालनिर्णय ही त्यांची साधने होती. मात्र संस्कृत ग्रंथाच्या अंतरंगात शिरताना त्यांना पावलोपावली शास्त्र्यांचे साहाय्य घ्यावे लागे. अशा वेळी दोन्ही वाटा चाललेला माणूस हवा होता. भांडारकर तसे होते.

हैदराबाद (सिंध) आणि रत्नागिरी येथील सरकारी विद्यालयांत भांडारकरांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले. इंग्रजी शाळांतून संस्कृत शिकणाऱ्या मुलांची अडचण त्यांनी तेथे जवळून पाहिली. जुन्या पद्धतीप्रमाणे सूत्रे पाठ करण्यास या मुलांना अवधी नव्हता. त्यांच्यासाठी भांडारकरांनी ‘मार्गोपदेशिका’ आणि ‘संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका’ ही दोन पाठ्यपुस्तके इंग्रजीतून लिहिली. व्याकरणाचे नियम क्रमाक्रमाने समजावून सांगणारी आणि लगेच वाक्यांचा सराव करून घेणारी ही पुस्तके पुढे अनेक पिढ्यांनी अभ्यासली.

या सुमारास मुंबई इलाख्यात दोन जर्मन पंडित संस्कृतचे अध्यापन करीत होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात योहान गेओर्ग ब्यूलर हे १८६३ मध्ये आले, तर पुण्यास १८६६ मध्ये फ्रांट्स कीलहॉर्न आले. ब्यूलर आणि भांडारकर यांचा जन्म एकाच वर्षी, एकाच महिन्यात, अवघ्या तेरा दिवसांच्या अंतराने झाला होता. एक जर्मनीतला, दुसरा कोकणातला. वर्गात दोघांनाही शिकवावे लागे ते इंग्रजीतून, म्हणजे दोघांनाही परक्या असलेल्या भाषेतून! ब्यूलर यांच्या जागी १८६८ च्या सुमारास भांडारकरांची हंगामी नेमणूक झाली. १८७० च्या सुमारास एका पारशी गृहस्थाने एक जुना ताम्रपट त्यांच्याकडे वाचण्यासाठी दिला. प्राचीन लिपी त्यांना तेव्हा अवगत नव्हती. तथापि त्यांनी लिपीविषयक ग्रंथ मिळवून अभ्यासले आणि ताम्रपटाचे वाचन तडीस नेले. येथून त्यांच्या इतिहाससंशोधनास आरंभ झाला. १८७२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ हे संशोधनपत्र निघाले. त्यात भांडारकरांनी महाभाष्यकार पतंजलीच्या कालाविषयी लेख लिहिला. ग्रंथातील उदाहरणवाक्यांत पुष्यमित्र राजाच्या यज्ञाचा उल्लेख चालू घटनेसारखा येतो, हे दाखवून त्यांनी पतंजलीचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ठरवला. बर्लिनचे विख्यात पंडित वेबर यांनी त्यावर आक्षेप घेतले. भांडारकरांनी त्यांना साधार उत्तरे दिली. मुंबईतल्या एका हंगामी प्राध्यापकाचे नाव अशा रीतीने युरोपातील विद्वानांच्या चर्चेत येऊ लागले.

एवढे असूनही एल्फिन्स्टन महाविद्यालयातील जागा कायम करण्याची वेळ आली, तेव्हा ती भांडारकरांना मिळाली नाही. त्या जागी स्कॉटलंडचे पीटर पीटरसन यांची नेमणूक झाली आणि १८७३ च्या आरंभी ते मुंबईत रुजू झाले. पीटरसन ऑक्सफर्ड येथे संस्कृत शिकले होते. पण ते भांडारकरांहून सुमारे दहा वर्षांनी लहान होते. ज्या आसनावरून भांडारकरांनी काही वर्षे अध्यापन केले, त्याच आसनाच्या शेजारी त्यांना साहाय्यक म्हणून उभे राहावे लागले. हा प्रश्न एकट्या भांडारकरांचा नव्हता. त्या काळी वरच्या श्रेणीतील शिक्षकपदे युरोपीयांसाठी राखल्यासारखी असत आणि बरोबरीचे काम करणाऱ्या भारतीयास कमी वेतन मिळे. पुढे १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात जगदीशचंद्र बसू यांच्या वाट्यासही हेच आले. बसूंनी निषेध म्हणून तीन वर्षे वेतन घेण्याचे नाकारले व अखेर आपला हक्क मान्य करवून घेतला.

भांडारकरांनी निराळा मार्ग पत्करला. त्यांनी नोकरी सोडली नाही, अध्यापनात हयगय केली नाही आणि पीटरसन यांच्याशी असहकारही केला नाही. आपल्या अभ्यासाचा दर्जा इतका उंचवायचा, की पदाची पाटी गौण ठरावी, असे जणू त्यांनी ठरवले. साहाय्यकपदाच्या या वर्षांतच त्यांची महत्त्वाची कामे झाली. १८७४ मध्ये लंडन येथे प्राच्यविद्या परिषद भरली. तिचे निमंत्रण त्यांना आले. ते स्वतः जाऊ शकले नाहीत. परंतु नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांविषयीचा त्यांचा निबंध त्या परिषदेस गेला. १८७६ मध्ये भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाची त्यांनी संपादिलेली आवृत्ती मुंबई संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. ही ग्रंथमाला ब्यूलर व कीलहॉर्न यांनी सुरू केली होती. मिळतील तेवढी हस्तलिखिते जमवून, त्यांतील पाठभेद तळटीपांत देऊन, जुन्या टीकेसह ग्रंथ छापण्याची शिस्त भांडारकरांनी या आवृत्तीत काटेकोरपणे पाळली. १८७७ मध्ये त्यांनी संस्कृत व तीपासून निघालेल्या भाषांवर विल्सन व्याख्यानमालेत व्याख्याने दिली. मराठी, हिंदी, गुजराती या भाषांची घडण प्राकृतातून कशी होत गेली, याचा शास्त्रशुद्ध विचार त्यांत होता.

पीटरसन यांच्याशी त्यांचे मतभेदही झाले. पतंजलीचा काळ पीटरसन बराच अलीकडे आणू पाहत होते. भांडारकरांनी १८८५ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकातून त्यांचे मत खोडून काढले. एके काळचा साहाय्यक आपल्या वरिष्ठाचे मत जाहीरपणे, पुराव्यानिशी खोडून काढतो, ही त्या काळच्या मानाने मोठी गोष्ट होती. तरीही वाद वादाच्या जागी राहिला. सरकारने हस्तलिखितांच्या शोधाचे जे काम १८६८ पासून हाती घेतले होते, ते ब्यूलर व कीलहॉर्न यांच्यानंतर भांडारकर आणि पीटरसन या दोघांनीच पुढे चालवले. गुजरात, राजस्थान येथील ग्रंथभांडारे धुंडाळून दोघांनीही आपापले अहवाल प्रसिद्ध केले. पीटरसन यांनाही एतद्देशीय विद्वानांचे मोल कळलेले होते. ‘सुभाषितावली’ हा सुभाषितसंग्रह त्यांनी १८८६ मध्ये पंडित दुर्गाप्रसाद यांच्यासह संपादित केला आणि ग्रंथावर दोघांचीही नावे घातली.

१८८२ मध्ये कीलहॉर्न जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील त्यांच्या रिकाम्या जागी भांडारकरांची नेमणूक झाली. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना हक्काचे आसन मिळाले. १८९३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. या काळात, १८८४ मध्ये, त्यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सातवाहनांपासून यादवांपर्यंतच्या राजवटींचा वृत्तांत त्यांनी शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि ग्रंथ यांच्या आधारे सिद्ध केला. ज्याला पुरावा नाही ते लिहायचे नाही, मग ते आपल्या अभिमानास कितीही सुखावणारे असो, ही त्यांची शिस्त होती. परदेशी विद्वानाचे मत केवळ परदेशी म्हणून त्यांनी स्वीकारले नाही. स्वदेशी समजूत केवळ स्वदेशी म्हणून जपलीही नाही.

गॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये भांडारकरांना डॉक्टरेट ही सन्माननीय पदवी दिली. कीलहॉर्न त्याच विद्यापीठात होते. १८८६ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून भांडारकर गेले. तेथील विद्यापीठात त्या वेळी ब्यूलर अध्यापन करीत होते. ज्यांच्या जागी एके काळी आपण हंगामी म्हणून काम केले, त्यांच्याच नगरीत भांडारकर सन्मान्य विद्वान म्हणून उपस्थित राहिले. पुढे ब्यूलर यांनी भारतीय विद्येचा एक विस्तृत कोश जर्मनीतून काढण्यास आरंभ केला. १८९८ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाल्यावर कीलहॉर्न यांनी ते काम सांभाळले. याच मालेत १९१३ मध्ये भांडारकरांचा वैष्णव, शैव आदी संप्रदायांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर हे दोन्ही जर्मन मित्र काळाच्या पडद्याआड गेले होते.

१८९३ ते १८९५ या काळात भांडारकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना झाली, त्याची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. प्रार्थना समाजाचे एक प्रमुख म्हणून त्यांनी सामाजिक सुधारणेचा पुरस्कार केला. केवळ उपदेशावर न थांबता लोकनिंदा सोसून त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. महाविद्यालयात आणि घरात त्यांची कसोटी एकच होती. जे विवेकास पटले, ते आचरणात आणणे हा त्यांचा स्वभाव होता.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह या संस्थेस दिला. पुढल्याच वर्षी डेक्कन महाविद्यालयातील सरकारी हस्तलिखितांचा संग्रह संस्थेकडे आला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी भांडारकरांचे निधन झाले.

परदेशी सहकाऱ्यांकडून शोधाची पद्धत घ्यावी, आपल्या परंपरेतील सखोल ज्ञान त्यांना द्यावे, मतभेद असेल तेथे आधारासह निर्भयपणे बोलावे आणि अन्यायाने मन कडवट होऊ देऊ नये, असे त्यांचे वर्तन होते. अधिकाराच्या उतरंडीत त्यांना पुष्कळ वर्षे खालची पायरी मिळाली. विद्येच्या क्षेत्रात मात्र त्यांनी आपली जागा स्वतः निर्माण केली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि भांडारकर यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या पोथ्या त्या संस्थेत एकाच संग्रहात ठेवलेल्या आहेत. त्यांतील कोणाचे पद वरचे आणि कोणाचे खालचे होते, हे पोथी उघडून बसलेल्या अभ्यासकास विचारावेसे वाटत नाही.