पाणबुडीला पाण्याखाली तोल सांभाळायला शिकवणारा शाळामास्तर

समजा, ठाण्याच्या मासुंदा तलावात कुणीतरी सात फूट लांब आणि 40 किलो वजनाची, रेडिओ कंट्रोलवर चालणारी पाणबुडी सोडली. ती बुडाली तर त्यात कौतुकाचं काही नाही. पुरेसं वजन टाकलं की काहीही बुडतं. अवघड काम पुढचं आहे. तिनं पाण्याखाली आडवं राहायला हवं, नाक खाली घालून गाळात रुतता कामा नये आणि सांगितलं की वर यायला हवं.

म्हणून असे मॉडेल बनवणारे लोक तलावावर जाण्याआधी तासन् तास पाण्याच्या टबापाशी घालवतात. तळाशी शिशाचे तुकडे, वरच्या भागात फोम, मग एक तुकडा दोन बोटं पुढे, दुसरा एक बोट मागे. याला ट्रिम करणं म्हणतात. थोडक्यात, पाणबुडीचा तोल लावणं.

खऱ्याखुऱ्या पाणबुडीसाठी हे गणित ज्यानं जवळपास आयुष्यभर सोडवलं, तो ना नौदलात होता ना जहाजबांधणीच्या धंद्यात. तो होता शाळामास्तर. नाव जॉन फिलिप हॉलंड.

24 फेब्रुवारी 1841 ला आयर्लंडमधल्या लिस्कॅनर या किनाऱ्यावरच्या गावात त्याचा जन्म झाला. वडील तटरक्षक दलात. लहानपण भीषण दुष्काळात गेलं. समुद्रावर जायची इच्छा होती, पण नजर अधू. मग तो ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंस्थेत शिक्षक झाला. 1862 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात मॉनिटर आणि मेरिमॅक या चिलखती जहाजांची झुंज झाली. लाकडी जहाजांचे दिवस संपले हे त्यानं ओळखलं. पण त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न होता. इंग्लंडनं चिलखती आरमार उभं केलं, तर त्याला खालून कोण गाठणार?

1873 मध्ये तो अमेरिकेत गेला. बोस्टनमध्ये बर्फावरून घसरून पाय मोडला आणि अंथरुणात पडल्यापडल्या त्यानं जुने आराखडे पुन्हा तपासले. पुढे न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात शाळेत नोकरी धरली. 1875 मध्ये आराखडा अमेरिकी नौदलाकडे पाठवला. नौदलानं तो अव्यवहार्य ठरवून बाजूला ठेवला.

पैसे आले भलतीकडूनच. अमेरिकेत राहून आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणारे फेनियन क्रांतिकारक इंग्रजांच्या आरमाराविरुद्ध शस्त्र शोधत होते. आपल्याकडच्या गदर चळवळीसारखं समजा, फक्त चाळीसेक वर्षं आधी. हॉलंडनं त्यांना सुमारे अडीच फुटांचं, किल्लीवर चालणारं मॉडेल पाण्यात चालवून दाखवलं. त्यांनी निधी मोकळा केला.

1878 मध्ये 14 फुटांची पहिली बोट पसेइक नदीत उतरवली आणि ती थेट तळाला गेली. ती बाहेर काढली, दुरुस्त केली आणि मग हॉलंड स्वतः तिच्यात बसून पाण्याखाली गेला. इंजिन चालेना, म्हणून शेजारच्या बोटीतून नळीनं वाफ घ्यावी लागली. तरी हवं ते शिकून झालं होतं.

काय शिकला हॉलंड?

त्या काळातले बरेच शोधक पाणबुडीला लिफ्टसारखी सरळ खाली-वर न्यायला बघत. टाकीत थोडं पाणी घ्यायचं, थोडं सोडायचं. पण अर्धवट भरलेली टाकी घातक असते. रिक्षात पायाशी अर्धी भरलेली पाण्याची कॅन ठेवा आणि वळणावर काय होतं ते बघा. पाणी एका बाजूला पळतं आणि वजनही त्याच्याबरोबर पळतं. पाणबुडीत हेच झालं की नाक आणखी खाली जातं, पाणी आणखी पुढे येतं आणि तोल सुटतो.

हॉलंडचं उत्तर सरळ होतं. बुडताना मुख्य टाक्या काठोकाठ भरायच्या, म्हणजे पाण्याला हलायला जागाच उरत नाही. गुरुत्वमध्य जागचा हलू द्यायचा नाही. टॉर्पेडो सुटला तर तेवढ्याच वजनाचं पाणी लगेच आत घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोट पाण्यापेक्षा किंचित हलकीच ठेवायची. खाली जायचं ते वेग आणि मागच्या आडव्या सुकाणूंच्या जोरावर, डॉल्फिन सूर मारतो तसं. इंजिन बंद पडलं तर बोट आपोआप वर येणार. मॉडेल पाणबुडीवाले आजही हेच करतात, कारण बॅटरी संपली तर तलावात उडी कोण मारणार?

ठाणे-कल्याणकरांसाठी यात आणखी एक पेच आहे. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, समुद्राचं साधारण अडीच टक्क्यांनी. म्हणजे मासुंदा तलावात ट्रिम केलेलं 40 किलोचं मॉडेल समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात नेलं तर बुडायला जवळपास 1 किलो शिसं जास्त लागेल. दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीत भरती-ओहोटीप्रमाणे हा हिशेब बदलत राहणार. शिवाय खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी फार लवकर विरतात. त्यामुळे रेडिओ कंट्रोलचा हा खेळ गोड्या पाण्याचा. माझगाव डॉकमध्ये बांधलेली पहिली पाणबुडी, 1992 मध्ये नौदलात आलेली आयएनएस शाल्की, हिलाही ट्रिमचा हिशेब सुटलेला नाही. फरक किलोऐवजी टनांचा.

चोरी, तीही स्वतःच्याच माणसांकडून

1881 मध्ये 31 फुटांची, 19 टनी फेनियन रॅम तयार झाली. तिच्यात सुधारणा करायच्या, तर प्रयोगासाठी हॉलंडनं तिचंच 16 फुटांचं, टनभर वजनाचं मॉडेलही बनवलं. पण पैशांवरून फेनियन मंडळींत भांडणं लागली. नोव्हेंबर 1883 मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी हॉलंडची खोटी सही करून दोन्ही बोटी पळवल्या. ओढून नेताना ते मॉडेल ईस्ट नदीत बुडालं, कारण झाकण नीट लावलेलं नव्हतं. रॅम न्यू हेवनला पोहोचली, पण चालवता कुणालाच येईना. हॉलंडनं पुन्हा त्यांच्याशी संबंध ठेवला नाही.

पुढची काही वर्षं नुसती धडपड. नौदलानं अखेर 1895 मध्ये कंत्राट दिलं, पण वाफेवर चालणाऱ्या प्लंजर पाणबुडीच्या अटी इतक्या विचित्र की ती फसली. तोवर हॉलंडनं स्वतःच्या मनासारखी वेगळी बोट बांधायला घेतली होती. वर पेट्रोल इंजिन, पाण्याखाली बॅटरी आणि विजेची मोटर. 17 मे 1897 ला ती पाण्यात उतरली. ऑक्टोबरमध्ये धक्क्याला उभी असतानाच कुणीतरी झडप उघडी ठेवली आणि ती बुडाली. सुकवून पुन्हा चालू केली. 17 मार्च 1898 ला, आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिक सणाच्या दिवशी, ती पाण्याखालून चालली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवत होता. रेडिओ कंट्रोल आणि तोल सांभाळणारी पाणबुडी, मॉडेलवाल्यांच्या छंदाचे दोन्ही धागे एकाच वर्षात आणि जवळजवळ एकाच भागात.

11 एप्रिल 1900 ला अमेरिकी नौदलानं ती बोट 1,50,000 डॉलरना विकत घेतली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश नौदलानं आपली पहिली पाणबुडी बांधली, तीही हॉलंडच्याच आराखड्यावर. ज्यांच्याविरुद्ध सगळा खटाटोप सुरू झाला, गिऱ्हाईकही तेच.

कंपनी मात्र हॉलंडची राहिली नव्हती. पेटंट इलेक्ट्रिक बोट कंपनीकडे गेली, निर्णय दुसरे घेऊ लागले आणि 1904 मध्ये तो बाहेर पडला. 12 ऑगस्ट 1914 ला नेवार्कमध्ये त्याचं निधन झालं तेव्हा पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. 22 सप्टेंबरला जर्मनीच्या यू-9 या एकाच पाणबुडीनं ब्रिटनच्या तीन युद्धनौका तासा-दीड तासात बुडवल्या.

फेनियन रॅम 1916 मध्ये पुन्हा लोकांसमोर आली, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच, आयर्लंडमधल्या उठावात होरपळलेल्यांसाठी निधी गोळा करायला. आज ती आणि ती 14 फुटी पहिली बोट, दोन्ही पॅटरसनच्या संग्रहालयात आहेत, हॉलंड जिथे मुलांना शिकवायचा त्याच गावात.