तांब्यावर रेघ कोरणारे मुकुल डे

भारतीय मुद्राचित्रकलेचे एक आद्य प्रवर्तक मुकुल डे यांच्या जीवनाचा एक धागा मराठवाड्याशी जुळलेला आहे. बंगालमध्ये १८९५ साली जन्मलेले डे शांतिनिकेतनात रवींद्रनाथ ठाकुरांच्या छायेत घडले. १९१६ मध्ये ते रवींद्रनाथांसमवेत जपान व अमेरिकेस गेले. शिकागो येथे त्यांनी धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून छापण्याची विद्या आत्मसात केली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी अजिंठा गाठले. हिंगोलीप्रमाणेच अजिंठाही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथे त्यांनी विरत चाललेल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रेखाटल्या.

१९२० मध्ये डे लंडनला गेले. तेथे ख्यातनाम ब्रिटिश मुद्राचित्रकार म्यूरहेड बोन यांच्याकडून त्यांनी ‘ड्रायपॉइंट’चे धडे घेतले. या पद्धतीत आम्ल वापरत नाहीत. अणकुचीदार सुई थेट तांब्यावर चालते. रेघेच्या कडेला उचलल्या गेलेल्या तांब्यात शाई धरली जाते आणि छाप्याला मखमली काळेपणा लाभतो. मात्र दाबाखाली ती कड लवकर झिजते. त्यामुळे उत्तम प्रती मोजक्याच निघतात. बोन यांनी या सुईने शहरे व निसर्गदृश्ये टिपली, तर डे यांनी गंगाकाठ, बंगालची खेडी आणि संथाळ स्त्री-पुरुष साकारले.

अजिंठा व बाघ येथील भ्रमंतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. १९२८ मध्ये ते कोलकात्याच्या सरकारी कला विद्यालयाचे प्राचार्य झाले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. मुद्राचित्रणाला भारतात स्वतंत्र कलेचा मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.