रे. गॉर्डन हॉल
आळेफाट्याच्या चवाठ्यावर किंवा गावच्या बाजारी सुवार्ता सांगून रिक्तहस्ते परतणाऱ्या बंधूंनी रे. गॉर्डन हॉल यांचे चरित्र आठवावे. इ. स. १७८४ मध्ये अमेरिकेत जन्मलेले हे गृहस्थ १८१३ साली मुंबईस उतरले. सरकारने प्रथम त्यांस परत जाण्याचा हुकूम केला. पुष्कळ विनंत्यांनंतर राहण्याची मुभा मिळाली. मग मराठी शिकून ते रस्त्यांत, बाजारांत व देवळांपाशी उपदेश करू लागले. लोक ऐकत, वाद घालीत आणि निघून जात. तेरा वर्षे अशी गेली, तरी मंडळी म्हणावी अशी जमली नाही. १८२५ साली मुलांच्या प्रकृतीस्तव पत्नीस मायदेशी धाडावे लागले. ते मात्र कामावरून हलले नाहीत. पुढल्या मार्चात ते नाशिकास गेले, तो तेथे पटकीची साथ चालू होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांस वाटली. परतीच्या वाटेवर त्याच रोगाने त्यांस गाठले, व २० मार्च १८२६ रोजी ते प्रभूजवळ गेले. ज्याच्या भाषांतरासाठी ते झटले, तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून निघाला. १८३१ साली त्यांचे मिशन नगरास पोहोचले, आणि पुढे त्या प्रांतात गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या. म्हणून, प्रिय बंधूंनो, आज कोणी ऐकले नाही एवढ्यावरून आपले बोलणे वाया गेले, असे समजू नये.