दुसरा निकोलस : रशियाचा अखेरचा झार

रशियन राज्यक्रांतीची कारणे सांगताना आपण जमिनीचा प्रश्न, कामगारांचे हाल, युद्धातील पराभव आणि भाकरीची टंचाई यांचा उल्लेख करतो. ही कारणे खरीच आहेत. परंतु ती सारी कागदपत्रांच्या रूपाने रोज ज्या एका माणसाच्या मेजावर येत होती, त्या माणसाचाही विचार करायला हवा. हा माणूस क्रूर नव्हता, आळशीही नव्हता. खाजगी चिटणीस न ठेवता तो आपली पाकिटे स्वतः बंद करीत असे. (येथील तारखा आजच्या दिनदर्शिकेनुसार आहेत. जुनी रशियन दिनदर्शिका विसाव्या शतकात १३ दिवस मागे होती. म्हणून ‘फेब्रुवारी क्रांती’ आपल्या हिशेबाने मार्चमध्ये येते.)

निकोलसचा जन्म १८ मे १८६८ रोजी सेंट पीटर्सबर्गजवळील त्सारस्कोये सेलो येथे झाला. त्याचा आजोबा दुसरा अलेक्झांडर याने १८६१ मध्ये भूदासांना मुक्त केले होते. मात्र मिळालेल्या जमिनीची किंमत शेतकऱ्यांना हप्त्याहप्त्याने सरकारला फेडावी लागे, आणि जमीन बहुतेक ठिकाणी ग्रामसमाजाकडे राही. म्हणजे मुक्ती मिळाली ती कर्जासह. याच सुधारक झारला १३ मार्च १८८१ रोजी क्रांतिकारकांनी बाँब टाकून मारले. छिन्नविच्छिन्न अवस्थेतील आजोबांचा मृत्यू बारा वर्षांच्या निकोलसने जवळून पाहिला. सुधारणा केली की सत्तेला तडा जातो, असा धडा त्याच्या वडिलांनी, तिसऱ्या अलेक्झांडरने, त्यातून घेतला. निकोलसचा शिक्षक पोबेदोनोस्त्सेव्ह हाही लोकनियुक्त सभांचा कट्टर विरोधक होता.

तरुणपणी निकोलसने पूर्वेकडे दीर्घ प्रवास केला. १८९० च्या डिसेंबरात तो मुंबईत उतरला आणि नंतर भारतभर हिंडला. पुढे जपानमध्ये ओत्सु येथे एका पोलिसाने त्याच्यावर तलवारीने वार केला, त्यातून तो वाचला. परतीच्या वाटेवर व्लादिवोस्तोक येथे सैबेरियन रेल्वेच्या पूर्व टोकाची पायाभरणी त्याच्या हस्ते झाली.

वडिलांच्या अकाली मृत्यूमुळे १ नोव्हेंबर १८९४ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो झार झाला. काही प्रांतांच्या स्थानिक मंडळांनी कारभारात थोडा सहभाग मिळावा अशी नम्र इच्छा व्यक्त केली होती. ती त्याने पुढच्याच जानेवारीत जाहीरपणे झिडकारली. मे १८९६ मध्ये मॉस्कोत राज्याभिषेक झाला. खोदिन्का मैदानावर भेटवस्तूंसाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन तेराशेहून अधिक लोक दगावले. त्याच रात्री फ्रेंच राजदूताच्या नृत्यसमारंभाला झार उपस्थित राहिला. जाण्याची त्याची इच्छा नव्हती. वडीलधाऱ्यांनी आग्रह केला आणि तो गेला. १८९७ च्या जनगणनेच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात मात्र त्याने स्वतःची नोंद रशियन भूमीचा धनी अशी केली. इतक्या दुर्बळ इच्छाशक्तीच्या माणसाने सत्तेची इतकी मोठी कल्पना बाळगावी, यातच पुढच्या अनर्थाचे बीज आहे, असे मला वाटते.

या काळात अर्थमंत्री सेर्गेई विट्टे रशियाचे औद्योगिकीकरण वेगाने घडवीत होता. लोहमार्ग आणि गिरण्या उभ्या राहिल्या, परकीय भांडवल आले. त्याबरोबर शहरांत कामगारांचा मोठा वर्ग आला. पण त्याला संघटना करण्याचा वा कायदेशीर संप करण्याचा हक्क नव्हता. २२ जानेवारी १९०५ रोजी हजारो कामगार पाद्री गापोनच्या मागून, हाती धार्मिक प्रतिमा व झारचे चित्र घेऊन, हिवाळी राजवाड्याकडे निघाले. सैन्याने गोळीबार केला आणि शंभराहून अधिक लोक मेले. झार त्या दिवशी राजधानीत नव्हता. परंतु झार म्हणजे बाप ही शेकडो वर्षांची भावना त्या बर्फावर संपली. जपानकडून झालेल्या पराभवाने उरलीसुरली पतही गेली. ऑक्टोबरमध्ये सार्वत्रिक संप झाला. विट्टेच्याच रेल्वेगाड्या थांबल्या आणि पीटरहॉफला झारच्या भेटीस जाण्यासाठी त्याला बोटीचा आधार घ्यावा लागला. ३० ऑक्टोबरला निकोलसने जाहीरनामा काढून नागरी हक्क आणि कायदे करणारी ‘दूमा’ मान्य केली. (या शब्दाचे मूळ ‘विचार करणे’ अशा अर्थाच्या रशियन क्रियापदात आहे.)

आता भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा प्रसंग येतो. एप्रिल १९०६ मध्ये मूलभूत कायद्यांचा नवा मसुदा चर्चेस आला. जुन्या कायद्यात झारच्या सत्तेला दोन विशेषणे होती : स्वयंसत्ताक आणि अमर्याद. दूमा आल्यावर ‘अमर्याद’ ठेवता येणार नाही, असे बहुतेक सल्लागारांचे मत होते. निकोलस अनेक दिवस अडून राहिला. पूर्वजांकडून आलेली सत्ता उणी करून मुलाला देण्याचा आपल्याला हक्क आहे काय, ही त्याची प्रामाणिक शंका होती. अखेर तो शब्द वगळला गेला, ‘स्वयंसत्ताक’ राहिला. हा शब्द ग्रीक ‘ऑटोक्रॅटोर’चे रशियन भाषांतर. आपली सत्ता कोणा परक्या सम्राटाकडून आलेली नाही, एवढाच अर्थ त्याला एकेकाळी असे; पुढे ‘कोणालाही उत्तरदायी नाही’ हा अर्थ चिकटला. दूमेने कायद्यातून गेलेला शब्द वाचला, झारने राहिलेला. एकाच कायद्याचे हे दोन अर्थ अकरा वर्षे एकमेकांशी झगडत राहिले.

पहिली दूमा अडीच महिनेही टिकली नाही. तिने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी मागितल्या, म्हणून ती बरखास्त झाली. दुसरीचेही तेच झाले, आणि जून १९०७ मध्ये मूलभूत कायदे मोडून निवडणुकीचे नियमच बदलण्यात आले. पंतप्रधान स्टोलिपिनने शेतकऱ्याला स्वतंत्र जमीनमालक करण्याचा प्रयत्न केला. १९११ मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात, झार तेथे उपस्थित असताना, त्याच्यावर प्राणघातक गोळ्या झाडल्या गेल्या.

घरात वेगळेच दुःख होते. १९०४ मध्ये जन्मलेल्या एकुलत्या मुलाला, अलेक्सेईला, रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार होता. हे गुपित ठेवले गेले. त्यामुळे रासपुतीनला राजवाड्यात इतके महत्त्व का, हे लोकांना कळेना आणि अफवा वाढल्या. महायुद्धात १९१५ साली निकोलसने सैन्याचे नेतृत्व स्वतःकडे घेतले. आता प्रत्येक पराभव त्याच्याच नावावर पडू लागला. राजधानीत राणीचे वजन वाढले. दीड वर्षात चार पंतप्रधान झाले. देशात धान्य होते, पण रेल्वेवरील ताणामुळे ते शहरांत पोहोचेना. ८ मार्च १९१७ रोजी पेत्रोग्राडच्या गिरण्यांतील स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. झारने तारेने दंगल मोडण्याचा हुकूम दिला. ११ तारखेला गोळीबार झाला आणि १२ तारखेला सैनिकच लोकांना जाऊन मिळाले.

राजधानीकडे निघालेली झारची गाडी प्स्कोव्ह येथे अडकली. आघाड्यांवरील सेनापतींनी तारेने पदत्यागाची विनंती केली. १५ मार्चला त्याने आधी मुलासाठी गादी सोडली. मग डॉक्टरांकडून मुलाच्या प्रकृतीबद्दल ऐकून मुलाच्या वतीनेही ती सोडली आणि भाऊ मिखाईलला दिली. वारसाहक्काच्या कायद्यानुसार मुलाचा हक्क सोडण्याचा अधिकार त्याला नव्हता. सत्ता सोडतानाही त्याने अमर्याद सत्तेचाच वापर केला. मिखाईलने दुसऱ्याच दिवशी नकार दिला आणि १६१३ पासूनची रोमानोव्ह राजवट संपली.

त्यानंतर त्सारस्कोये सेलो, तोबोल्स्क आणि येकातेरिनबुर्ग येथे कैद, आणि १७ जुलै १९१८ च्या रात्री तळघरात पत्नी, पाच मुले व चार सेवकांसह मृत्यू. निकोलस तरुणपणापासून रोजनिशी लिहीत असे. हवामान, फेरफटका आणि चहा तिच्यात नेमाने असत. शेवटची नोंद मृत्यूच्या चार दिवस आधीची आहे. तिच्यात मुलाला बऱ्याच दिवसांनी स्नान घडल्याचे, हवा सुखद असल्याचे आणि बाहेरची काहीही बातमी नसल्याचे त्याने नोंदवले आहे.