विश्लेषण : ५३-एन क्रमांकाची बाटली आणि हाफकिन यांच्यावरचा ठपका

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना पाठ आहे. पोलिओचे डोस आणि सर्पदंशावरचे औषध या दोन गोष्टींमुळे ते घराघरांत पोहोचले. मात्र ज्या वाल्डेमार हाफकिन यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्यांनाच १९ मृत्यूंचा ठपका घेऊन परळ सोडावे लागले होते. गावात चिमटा जमिनीवर पडला म्हणून घात झाला, की मुंबईच्या प्रयोगशाळेतच चूक झाली? हा वाद पाच वर्षे चालला.

हाफकिन मुंबईत कसे आले?

जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ते ज्यू होते. झारच्या रशियात धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात पुढे जाता येत नव्हते आणि त्यांना ते मान्य नव्हते. ज्यूविरोधी दंगलीत प्रतिकार केल्यामुळे त्यांना अटकही झाली होती. अखेर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. सुरुवातीला मिळाले ते काम ग्रंथालयातले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. गोदी, गोदामे, गिरण्या आणि दाटीवाटीच्या चाळी अशा शहरात साथ पसरायला वेळ लागला नाही. लोक गाठोडी बांधून गावाकडे निघाले. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला. घरांची झडती, रुग्णांना उचलून नेणे, सामान जाळणे असा मार्ग निवडला गेला. पुण्यात यातून काय घडले, हे चापेकर बंधू आणि रँड यांच्या प्रकरणामुळे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

हाफकिन यांचा मार्ग वेगळा होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले, तेव्हा त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जेमतेम एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

लस कशी बनत होती?

मांसाच्या सुपात प्लेगचे जंतू वाढवायचे. त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या थराला धरून जंतू खाली लोंबत वाढतात. बाटली हलवली की ते तळाशी जातात आणि नवी वाढ सुरू होते. काही आठवड्यांनी हे मिश्रण तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचे. आपल्या स्वयंपाकघरातले तूप असे प्रयोगशाळेत कामी आले, हा या कथेतला गमतीचा तपशील. कार्बोलिक अ‍ॅसिड मात्र लक्षात ठेवायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लशीचा मोठा डोस स्वतःला टोचून घेतला. त्यांना ताप आला, वेदना झाल्या, पण ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी टोचून घ्यायला तयार झाले, बाकीचे झाले नाहीत. आजार आणि मृत्यू टोचलेल्यांमध्ये स्पष्टपणे कमी दिसले. दोन्ही गट एकाच छपराखाली राहणारे आणि एकच अन्न खाणारे, त्यामुळे तुलना भक्कम होती. नंतर आगाखान (तिसरे) यांनी सर्वांसमोर टोचून घेतले आणि आपला खुश्रू लॉज हा बंगला कामासाठी दिला. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मुलकोवालमध्ये काय झाले?

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठी लसीकरण मोहीम आखली आणि परळवर मागणीचा भार आला. उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू मारण्यासाठी उष्णता पुरेशी आहे, असे ठरवून कार्बोलिक अ‍ॅसिड वगळले. शास्त्रीयदृष्ट्या हे चूक नव्हते. पण कारखान्यात काम केलेल्या कोणालाही यातली जोखीम कळेल. दोन अडथळ्यांपैकी एक काढला की सगळी भिस्त उरलेल्या एकावर येते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी गुजरात जिल्ह्यातल्या (हा भाग आज पाकिस्तानात आहे) मुलकोवाल गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभराने काहींचे जबडे आखडू लागले. तो धनुर्वात होता. १९ जण दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून, ५३-एन मधून टोचलेले होते. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. बाटल्यांवर क्रमांक होते आणि कोणाला कोणती टोचली याची नोंद होती, म्हणून निदान एवढे तरी कळू शकले.

बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरली होती. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली गावात उघडण्याआधीच दूषित झाली होती, म्हणजे दोष परळचा, आणि कार्बोलिक अ‍ॅसिड वगळणे ही गंभीर चूक, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

निष्कर्ष कुठे कच्चा होता?

चौकशीच्याच कागदपत्रांत एक नोंद होती. त्या दिवशी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि इतक्या थोड्या वेळात ते मरत नाहीत.

आणखी दोन मुद्दे होते. बाटली ४१ दिवस दूषित राहिली असती, तर उघडताच उग्र वास आला असता. उघडणाऱ्या डॉक्टरला तो आला नव्हता. शिवाय इतक्या दिवसांत साठलेल्या विषाने लक्षणे लवकर दिसली असती. ती आठवड्याने दिसली, म्हणजे बीजाणू नुकतेच शिरले असावेत.

मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे उचलून धरले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले आणि त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. तोवर मुंबईतली त्यांची जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले. मुंबईच्या कामाची सूत्रे पुन्हा त्यांच्या हाती आली नाहीत.

परळचे उत्पादन मात्र थांबले नाही. १८९७ ते १९२५ या काळात तेथून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात निवृत्त आयुष्य जगत होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. मुलकोवालच्या घटनेला तेव्हा २८ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते.