अंगणात आलेली शाळा

डहाणूच्या उत्तरेस समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. किनाऱ्यालगत सुरूची झाडे आणि आत चिकूच्या वाड्या, असा तेथला देखावा. तेथून पूर्वेस वळले की डोंगराळ मुलूख लागतो. डहाणू व तलासरी या तालुक्यांतील त्या डोंगरांत वारली लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हा तो त्यात आला. याच भागात आयुष्याची अखेरची वर्षे वेचणाऱ्या एका थोर शिक्षिकेचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव सुधारक मताचे व प्रार्थना समाजाचे अनुयायी होते. मुलींनी शिकू नये असे मानणाऱ्यांची संख्या त्या काळी मोठी होती. परंतु ताराबाईंना घरातून उत्तेजन मिळाले आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही काळ त्या अमरावतीस होत्या. पुढे राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या एका महाविद्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या. मानाची व चांगल्या पगाराची ती जागा होती.

त्याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी लहान मुलांसाठी बालमंदिर चालविले होते. छडी नाही, धाक नाही. मूल खेळते, गाते, गोष्ट ऐकते आणि आपल्या हातांनी शिकते, अशी ती शाळा. इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर ती उभी होती. ताराबाईंना हे काम इतके आवडले, की राजकोटची जागा सोडून १९२३ साली त्या भावनगरास गेल्या.

भावनगरची मुले गुजराती बोलत आणि ताराबाईंची भाषा मराठी. पोरांचे बोलणे समजल्यावाचून त्यांच्या मनात शिरणार कसे? ताराबाईंनी गुजराती आपलीशी केली. त्या भाषेत त्या बोलू लागल्या, लिहू लागल्या आणि गिजुभाईंच्या जोडीने 'शिक्षणपत्रिका' हे गुजराती मासिक संपादू लागल्या. परकी भाषा मोठ्या माणसालाही प्रथम कशी अडविते आणि रोजच्या वापराने ती कशी सुटते, हे शिकविणाऱ्यानेच शिकून पाहिलेले बरे. ताराबाईंची ही शिदोरी पुढे फार उपयोगी पडली.

१९३६ साली त्यांनी मुंबईस दादर येथे 'शिशुविहार' सुरू केले. तेथे बालमंदिराबरोबर बालशिक्षक तयार करण्याचे कामही होऊ लागले. मराठीतही 'शिक्षणपत्रिका' निघाली. काम नावारूपास आले; तरी ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. ही शाळा शहरातील बऱ्या स्थितीच्या मुलांची होती. खेड्यातील गरिबाच्या मुलाला असे बालपण कोण देणार?

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीस आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ या तरुण शिक्षिका त्यांना येऊन मिळाल्या. त्याच वर्षी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारली लोकांनी सभेत जमून वेठबिगार नाकारण्याचा निश्चय केला होता. पिढ्यान् पिढ्या मुकाट राबणारी माणसे बोलू लागली होती. आता त्या मुलखातील मुलांनाही बोलते करावयाचे होते.

बोर्डीत बालमंदिर उघडले. पण गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. शिक्षिका घरांपुढच्या अंगणात जाऊन बसत. मुलांचे हातपाय धुवावे, नखे कापावी, केस विंचरावे, मग गाणी म्हणावी आणि गोष्टी सांगाव्या. ही झाली अंगणवाडी. माँटेसरींची साधने महाग होती. म्हणून शंख, शिंपले, खडे, बिया, पाने आणि फुले ही साधने झाली. ती विकत घ्यावी लागत नव्हती.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथील वारली मुलांपुढे भाषेचा मोठाच प्रश्न होता. घरी वारली बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी. ही बोली मराठीला जवळची खरी, पण पाड्यावरच्या मुलाला पुस्तकातील मराठी परक्या भाषेसारखीच वाटे. प्रश्न विचारला की मूल खाली पाही. आणि ते गप्प बसले की त्याला मंद ठरविणे सोपे जाई. वास्तविक तेच मूल रानातील झाडे व पाखरे नावानिशी ओळखत असे. अशा मुलाला व्याकरण सांगून जीभ सुटत नाही. त्याच्या हातात पान द्यावे, त्याचा शब्द आधी ऐकावा आणि मग आपला शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. गाणे, गोष्ट आणि नाटुकले यांत चुकण्याची भीती राहत नाही, म्हणून मूल त्यांतून लवकर बोलते.

पुष्कळ मुले गुरे राखीत. ती शाळेत येणार कशी? मग शाळा गुरांमागे कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलींची अडचण निराळी होती. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आल्या. भावंड पाळण्यात आणि ताई वर्गात, अशी सोय झाली.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेटाने चालविले. १९७५ साली सरकारने लहान मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची योजना देशभर सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या वस्तीतील अंगणात जे सुरू झाले, ते आज भारतातील खेडोपाडी पोहोचले आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावे आणि मूल बोलत नसेल तर शिक्षकाने आधी त्याचे ऐकावे, हा धडा ताराबाईंनी आपल्या जीवनाने घालून दिला.